एकाच खिडकीवर दोन तपासण्या

गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत माणसं तापानं, मलेरियानं दगावतात असा आपला समज. ‘सर्च’ या संस्थेनं 2011 ते 2013 या काळात 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली, तर पहिला क्रमांक लागला लकव्याचा: शंभरातले सुमारे चौदा मृत्यू. आणि लकव्यामागचं मोठं कारण म्हणजे वाढलेला बीपी.

आता दुसरी बाजू. 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. रोजची गोळी न चुकवणारा माणूस आज साठी-सत्तरी गाठतो. म्हणजे बीपीच्या वयात पोहोचतो! आफ्रिकेतल्या अनेक देशांत हेच घडलं. एचआयव्ही आटोक्यात, पण बीपी कुणी मोजलाच नाही. एचआयव्हीमुळे शरीरात राहणारी दीर्घकाळची सूज रक्तवाहिन्यांना कडक करते, काही औषधांनी वजन वाढतं, त्यात आपल्याकडचा खर्रा. खर्र्यातला तंबाखू हृदयाला सोडत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं.

एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला केंद्रात जाता, तेव्हा दंडाला पट्टा बांधून बीपीही मोजून घ्या. 140/90 किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा आला, तर डॉक्टरांना विचारा. बीपीची गोळी सुरू करताना एचआयव्हीच्या औषधांचं कार्ड जरूर दाखवा. काही औषधं एकत्र घेतली तर एकाचा परिणाम दुसऱ्यामुळे वाढतो. मनानं कुठलीच गोळी बंद करू नका.

शंका असेल तर 1097 या मोफत क्रमांकावर फोन करा.