साथीच्या काळातली भाषणं

साथ आली की नेत्यांच्या शब्दांना औषधाइतकं वजन येतं. 24 मार्च 2020 च्या रात्री पंतप्रधान नरेंद्र मोदींनी टाळेबंदी जाहीर करताना घराच्या दारात लक्ष्मणरेखा आखायला सांगितली. रामायण ठाऊक असलेल्या माणसाला वेगळं समजावावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी वाराणसीकरांशी बोलताना त्यांनी दाखला दिला महाभारताचा: ते युद्ध 18 दिवसांत जिंकलं, कोरोनाविरुद्धचं हे युद्ध 21 दिवसांत जिंकायचं. मला हा दाखला धोक्याचा वाटतो. युद्धाला शेवटचा दिवस असतो, विषाणूला नसतो. मुदत टळली की लोकांचा धीर सुटतो.

सप्टेंबर 2020 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. घोषणेमागे काम होतं: पथकं दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासत होती. म्हणून ती पटली. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या आपल्या आरमोरीत दम लागलेल्या माणसाला पुढच्या उपचारांसाठी गडचिरोली, ब्रह्मपुरी, नाहीतर थेट नागपूर गाठावं लागतं. तिथली खाट, तिथला ऑक्सिजन ही कुटुंबाची जबाबदारी नव्हे. पुढचं भाषण ऐकताना एवढं जरूर विचारा: आम्ही काय करायचं ते कळलं, सरकार काय करणार आहे?