रायवळांची नावे



वैशाखात पावसला आंब्याखेरीज दुसरा विषय निघत नाही. आम्हीही तोच घेऊन उभे आहोत. मात्र हापूसची थोरवी आम्ही गाणार नाही. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या नावाला आता कायद्याचा आधार आहे. आम्हांला बोलायचे आहे ते रायवळांविषयी.

आपल्या वाडवडिलांनी आधी फळ पारखले, मग झाडाचे नाव ठेवले. शेंदरी रंगाचा तो शेंदऱ्या, खोबऱ्याच्या चवीचा तो खोबऱ्या, शेपूच्या वासाचा तो शेप्या. पण शेंदऱ्याची कोय रुजवली म्हणजे शेंदऱ्याच येईल, असे नाही. कोयीत दुसऱ्या झाडाच्या परागाचाही वाटा असतो. नवे झाड कोयीतून मिळते. जुने टिकते ते कलमानेच.

फुलांचाही न्याय हाच. जपानात मात्सुदाइरा शोओ (१७७३–१८५६) या सरदाराने आयुष्यभर आयरिसचे बी पेरले, मोठ्या फुलांची रोपे निवडली आणि त्यांना नावे दिली. असा वाण पुढे चालतो तो बियांनी नव्हे, गड्डे फोडून लावल्याने. आपल्याकडे कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' दिला आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ साली पातळ कोयीचा 'सिंधू'. त्यांचीही लागवड कलमांनीच होते.

आमच्या वाडीतला खोबऱ्या फळ्यांसाठी तुटला. त्याची काडी कोणी घेतली नव्हती, आम्हीही नाही. आज ते नाव आमच्या तोंडी आहे, चव कोणाच्याच नाही.

उपाय अवघड नाही. पावसाळ्यात कोय रुजवावी. दहापंधरा दिवसांचे कोवळे रोप वरून छाटून मधोमध चीर द्यावी. जुन्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवावी आणि पट्टीने घट्ट बांधावी. हेच कोय कलम. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदही करता येते. पण नोंदवायला झाड तर उभे हवे!

तेव्हा मृगाच्या आत प्रत्येकाने आपल्या वाडीतले एक नावाचे झाड हेरून ठेवावे आणि पाऊस लागताच त्याची दोन कलमे बांधावीत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.