एकच चित्रपट, वेगवेगळे प्रेक्षक



नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आम्ही शहरातील थिएटरमध्ये पाहिला. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटते. मागच्या रांगेत हशा पिकला. आमचा मात्र आवंढा घशातच अडकला. पुढे डुक्कर वाहून नेताना ते शाळेच्या भिंतीवरील बाबासाहेबांच्या चित्रापुढून जातात. कोणाला ती नुसती भिंत दिसली. आम्हाला अपुरे राहिलेले काम दिसले.

हसणारे वाईट होते, असे आम्ही म्हणत नाही. जे जगलो नाही, ते पडद्यावर चटकन दिसत नाही. आम्हीही त्याला अपवाद नाही. 'फँड्री' म्हणजे डुक्कर, हा कैकाडी बोलीतील शब्द आम्हालाही विचारूनच कळला. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांसारख्या लेखकालाही कित्येक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

विद्यार्थी मित्रहो, गाइडमधील अर्थ हा शेवटचा अर्थ नव्हे. घराने, वस्तीने जे दाखवले ते उत्तरपत्रिकेत लिहायला लाजू नका. मात्र दुसऱ्याच्या वेदनेपुढे 'मला कळले नाही' म्हणायलाही लाजू नका. जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. त्या प्रेक्षकांत आपणही बसलेलो असतो, हे आम्ही स्वतःलाही बजावतो.

जय भीम! जय भारत!