यंत्राआधी नोंदवही



वणा नदीकाठच्या या कापसाच्या पेठेत स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी याच हिंगणघाटात झाला. त्या गावात सेवाकार्य करणाऱ्यांचे आतिथ्य करायला मिळते आहे, याचा आम्हाला विशेष आनंद आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आपली संस्था कशी तयार करायची, हा आपल्या परिषदेचा विषय. हे तंत्रज्ञान आपल्या कामात यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कोणत्या क्रमाने यावे, याबद्दल माझा आग्रह आहे, आणि तो मी कपाशीच्याच उदाहरणाने मांडतो.

गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात विदर्भाचे काय केले, ते इथे कुणाला सांगायला नको. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारायचे कधी आणि कधी नाही, हा आपल्याकडे जिवाचा प्रश्न आहे. मुंबईच्या वाधवानी एआय या ना-नफा संस्थेने त्यासाठी ‘कॉटनएस’ हे ॲप तयार केले. शेतात कामगंध सापळा लावायचा, अडकलेले बोंडअळीचे पतंग कागदावर ओतायचे आणि मोबाइलने फोटो काढायचा. ॲप पतंग मोजते आणि फवारणीची गरज आहे की नाही ते सांगते. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री आठ पतंग सापडले की उपाय करायचा, ही पातळी शास्त्रज्ञांनी आधीच ठरवलेली होती. सापळे होते, बांधावर जाणारा कार्यकर्ता होता, त्याचे ऐकणारा शेतकरी होता. यंत्राकडे सोपवली ती मोजणी. आणि सापळ्यातली, पतंगांना गंधाने ओढणारी ल्युर कुणी वेळेवर बदललीच नाही, तर सापळा रिकामा राहील आणि ॲप खुशाल सांगेल, अळी नाही!

आता आपापल्या कपाटातली नोंदवही डोळ्यांपुढे आणा. एकच बाई बचत गटाच्या यादीत एका नावाने, आरोग्य शिबिराच्या यादीत दुसऱ्याच नावाने. वय एकीकडे ३८, दुसरीकडे ४५, कारण लिहिणाऱ्याने अंदाजे लिहिले. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, म्हणून ‘शेतकरी’ या रकान्यात ती नाहीच. निंदण तिचे, वेचणी तिची. नवरा गेल्यावर तर सगळे शेत तीच कसते. अशा यादीवरून ‘गावातले अडचणीतले शेतकरी निवडून दे’ असे यंत्राला सांगितले, तर जिला मदतीची सर्वांत जास्त गरज, तीच सुटेल. कार्यकर्तीने तिला वगळले असते, तर बाईने दारात उभे राहून जाब विचारला असता. संगणकाच्या यादीला जाब कोण विचारणार? मला याची खरोखर धास्ती वाटते.

म्हणून आधी पाया पक्का हवा, आणि त्याचे उदाहरण याच गावात आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर इथे आहे. वेळ काढून जरूर पाहा. १८०२ मध्ये मद्रासजवळ जेमतेम साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजायला त्यांनी ५७ दिवस दिले, कारण पुढचा प्रत्येक त्रिकोण तिच्यावर उभा राहणार होता. आपल्या नोंदी ही आपली पायारेषा आहे, म्हणून पहिली तयारी नोंदींची. आपल्या वर्धा जिल्ह्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी डॉ. राणी बंग यांच्यासोबत १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावोगावचे जन्म-मृत्यू नेमाने नोंदवले, म्हणूनच घरोघरी नवजात बालसेवेने मृत्यू घटतात हे ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगापुढे सिद्ध करू शकले.

दुसरी तयारी संमतीची. आजारपण, कर्ज, घरातली मारहाण हे सगळे लोक आपल्याला विश्वासाने सांगतात. अहवाल लवकर व्हावा म्हणून तोच मजकूर जसाच्या तसा फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकणे म्हणजे त्यांचे घर परक्यापुढे उघडे करणे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीतही मिळण्याची तरतूद आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा नसता तरी आपण हे करायलाच हवे होते. माहिती कशासाठी घेतो, कुणाकडे जाणार, नको म्हटले तर मदत थांबणार नाही, हे समोर बसून सांगावे लागेल. फॉर्मखाली अंगठा घेतला की झाले, असे नाही.

आणि संस्थाचालकांना एक कळकळीची विनंती. यंत्रामुळे अहवालाचे दोन दिवस वाचले, तर ते गावभेटींना द्या. कार्यकर्तीचे मानधन कापायला या तंत्रज्ञानाचा आधार कृपया घेऊ नका. शेवटचा निर्णय कोणत्या माणसाचा, हे कार्यकारिणीच्या ठरावात नावानिशी लिहून ठेवा.

जेवणाची व्यवस्था मागच्या मंडपात आहे. दुपारच्या सत्रासाठी आम्ही मागवल्याप्रमाणे आपण एकेक जुनी नोंदवही आणली असेलच. नावांवर कागद चिकटवूनच ती गटात द्यावी. डिंक आणि कागद नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत. आता अध्यक्षांना उद्घाटनाची विनंती करतो.