पहिलीच्या उंबरठ्यावरचा मेळावा

फुलंब्री तालुक्यात जूनच्या मध्यावर शाळा उघडते, नेमकी त्याच वेळी घरोघरी कपाशी-मक्याच्या लागवडीची घाई असते. तरीही शाळा पूर्वतयारी मेळाव्याला तासभर काढायलाच हवा.

राज्यात २०२२ साली सुरू झालेला हा मेळावा एप्रिलमध्ये एकदा आणि शाळा उघडताना पुन्हा भरतो. पहिलीत जाणारं मूल आईचं बोट धरून एकेका टेबलाशी थांबतं. इथे उडी मारायची, तिथे चित्र पाहून गोष्ट सांगायची, पुढे वस्तू मोजायच्या. काय जमलं ते विकासपत्रावर लिहिलं जातं. ही परीक्षा नव्हे, तेव्हा मूल अडखळलं तर आईने कानात उत्तर सांगू नये! दोन मेळाव्यांच्या मधल्या सुट्टीत वस्तीवरच्या आया गट करून मुलांकडून घरच्या घरी सराव करून घेतात. गवारीच्या शेंगा मोजायच्या, धुतलेल्या कपड्यांतून लहान-मोठे वेगळे करायचे, खर्च शून्य.

पुढे वर्षभरासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहेच. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला लागतात. शाळेचा विकास आराखडाही तीच करते. केवळ सहीपुरतं सदस्यत्व काय कामाचं?

मेळाव्याची तारीख आपल्या शाळेत आजच विचारून ठेवा. आई शेतात असेल, तर वडिलांनी किंवा आजीने यावं.