आरोपाच्या पायऱ्या
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. ३१ वर्षं मी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. तेव्हा रोज कानावर पडलेल्या शब्दांशिवाय माझ्याकडे दुसरं काय असणार? त्यांतले इंग्रजीतले चार-पाच शब्द आज तुमच्यापुढे ठेवते. मराठीत आपण ते सगळे एकाच शब्दात उरकतो : आरोप.

'ब्लेम'पुढे 'फॉर', 'अक्यूज'पुढे 'ऑफ', 'चार्ज'पुढे 'विथ'. सरांनी हे आपल्याकडून घोकून घेतलं, तेव्हा ती फक्त मार्कांची बाब वाटायची. कोर्टात गेल्यावर कळलं की हे शब्द म्हणजे जिन्याच्या पायऱ्या आहेत. 'ब्लेम' कुणीही कशावरूनही करावं. दूध उतू गेलं तरी करता येतं. आपण त्याला बोल लावणं म्हणतो. 'अक्यूज' म्हणजे अमक्यानेच हे केलं, असं बोट दाखवून सांगणं. त्याला पोलीस लागत नाहीत, शेजारीण पुरते. 'चार्ज' मात्र अधिकार असलेल्यानेच करायचा. आपल्याकडे चार्जशीट पोलीस दाखल करतात, पण चार्ज निश्चित करतं न्यायालय. गुन्हा कोणता, कलम कोणतं, केव्हा, कुठे, कुणाविरुद्ध, हे त्यात लिहावं लागतं. मग तो आरोपीला वाचून, समजावून सांगायचा आणि विचारायचं, 'गुन्हा कबूल आहे का?'

पुढचा शब्द 'इंडाइट'. स्पेलिंगमध्ये 'सी' आहे, उच्चारात नाही, म्हणून आपले सगळ्यांचे मार्क गेले असते! अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखालचा गंभीर गुन्हा असेल, तर १६ ते २३ नागरिकांची ग्रँड ज्युरी बसते आणि किमान १२ जणांचं मत पडलं तरच 'इंडाइट' होतं. आपल्याकडे ती पद्धत नाही. तरी आपली इंग्रजी वृत्तपत्रं चौकशी अहवालाने अमुक अधिकाऱ्याला 'इंडाइट' केलं, असं छापतात. तिथे अर्थ एवढाच, की ठपका ठेवला. तेच वाक्य अमेरिकेतल्या भाच्याने वाचलं, तर त्याला वाटेल माणसावर खटला उभा राहिला.

आणि 'इम्पीच'. याचं मूळ लॅटिनमध्ये, पायात बेडी अडकवणं या अर्थाचं. पुष्कळांना वाटतं, इम्पीच केलं म्हणजे पदावरून काढलं. तसं नाही, तो फक्त आरोप. इतिहासाच्या तासाला ज्याच्या काळातला सालबाईचा तह आपण पाठ केला, त्या वॉरन हेस्टिंग्जला ब्रिटिश संसदेने इम्पीच केलं. खटला १७८८ मध्ये सुरू झाला, १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. सात वर्षं बेडी पायात होती आणि खर्चाने तो बुडाला. अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना १८६८ मध्ये इम्पीच केलं. सिनेटमध्ये एका मताने ते वाचले आणि पदावर राहिले.

आता माझ्यासमोर चाललेला एक खटला सांगते. गावाचं, संस्थेचं नाव सांगत नाही. एका कारकुनावर अपहाराचा गुन्हा होता. न्यायाधीशांनी चार्ज वाचला : अमुक तारीख, अमुक रक्कम, अमुक पावती. मागच्या बाकावर त्याची बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. त्याच्या वकिलांनी तीच तारीख धरली. त्या दिवशी तो रजेवर होता, पावतीवरची सही दुसऱ्याची होती. सहा वर्षांनी तो निर्दोष सुटला. निकालाचं टिपण मीच घेतलं.

काही महिन्यांनी ती बाई नकलेसाठी आली. म्हणाली, "ताई, कोर्टानं सोडलं, पण गाव सोडत नाही. म्हणतात, थोडे तरी खाल्लेच असतील."

या 'थोडे तरी'ला उत्तर काय देणार? त्यात तारीख नाही, रक्कम नाही, सही नाही. कोर्टातला आरोप कठोर दिसतो, पण त्याला उत्तर देता येतं. गावातल्या बोलण्याला ते देता येत नाही.

यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : आळ. चतुर्थीचा चंद्र पाहू नये, चोरीचा आळ येतो, असं आपल्या आज्या सांगायच्या. स्यमंतक मण्याची ती गोष्ट. प्रत्यक्ष कृष्णालाही मणी शोधून आणून दाखवावा लागला, तेव्हा लोकांची तोंडं बंद झाली. कारकुनाने कुठला मणी आणायचा?

आज आपल्यात कुणी मुख्याध्यापक आहे, कुणी वार्ताहर, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी. प्रत्येकाला कधी ना कधी कुणाविरुद्ध तक्रार करावी लागते. जरूर करा, अन्याय गिळून बसा, असं मी मुळीच सांगत नाही. पण ती लिहून करा. काय झालं, केव्हा झालं, हे लिहा आणि खाली स्वतःची सही करा. खरी असेल तर ती टिकेल. खोटी असेल तर समोरच्याला निदान उत्तर तरी देता येईल. आणि आपल्या बॅचच्या ग्रुपवर कुणाचं नाव घेऊन काही आलं, तर पुढे पाठवण्याआधी एवढंच पाहा, की तो माणूस यातल्या कोणत्या पायरीवर आहे : संशयित, आरोपी की दोषी.

सर, प्रिपोझिशन्स अजून पाठ आहेत.