झोंप आणि मुखकांति

एखाद्या सुशिक्षित घरांतील सकाळ डोळ्यांपुढें आणावी. रात्रीं बारानंतर निजलेली गृहिणी पहाटे पांच वाजतां उठली आहे. मुलांचे डबे, सासूबाईंचें औषध आणि स्वतःची कचेरी गांठण्याची घाई, हें सर्व उरकतां उरकतां तिची दृष्टि क्षणभर आरशाकडे जाते. डोळ्यांखालीं काळिमा, पापण्या जड आणि वर्ण निस्तेज. संध्याकाळीं परततांना ती दुकानांतून मलमाची एक महागडी डबी घेते. त्या रात्रीं तोंड धुणें, पुसणें आणि लेपणें या विधीपायीं तिच्या निजण्याला आणखी वीस मिनिटें उशीर होतो. ज्या उणिवेमुळें चेहरा उतरला, तीच उणीव उपायानें वाढते.

जागरणानें चेहरा उतरतो हें घरांतल्या आजीबाईंनाहि ठाऊक असतें. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील शास्त्रज्ञांनीं तें पडताळून पाहिलें व 2010 सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनीं 23 निरोगी तरुण स्त्रीपुरुषांचीं छायाचित्रें दोनदां घेतलीं. एकदां रात्रभर स्वस्थ झोंप झाल्यावर आणि एकदां अपुऱ्या झोंपेनंतर सलग 31 तास जागें ठेवल्यावर. कोणतें छायाचित्र केव्हांचें हें ठाऊक नसलेल्या 65 परीक्षकांना तीं दाखविलीं, तेव्हां जागरणानंतरचे चेहरे त्यांना अधिक थकलेले व कमी निरोगी वाटले. फरक फार मोठा नव्हता, परंतु तो होता. 2013 मधील दुसऱ्या एका अभ्यासांत या थकव्याच्या खुणा नोंदल्या गेल्या: लोंबलेल्या पापण्या, लाल व सुजलेले डोळे, काळीं वर्तुळें, फिकी त्वचा आणि खालीं झुकलेले ओठांचे कोपरे.

असें कां व्हावें? त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्यें हा चुना. ही भिंत शरीरांतील ओलावा आंत राखते आणि त्रासदायक पदार्थ बाहेर ठेवते. 2001 मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत 11 स्त्रियांना जागरण घडवून, चिकटपट्टीनें सोलून काढलेला त्वचेचा वरचा थर किती वेळांत भरून येतो हें मोजलें. जागरणानंतर ही दुरुस्ती मंदावलेली आढळली. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें 60 स्त्रियांची पाहणी झाली आणि ती 2015 मध्यें प्रसिद्ध झाली. तींतहि नीट झोंप न घेणाऱ्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा अधिक दिसल्या. मात्र त्या पाहणीचा खर्च एका प्रसाधनें बनविणाऱ्या कंपनीनें केला होता. शिवाय अशा पाहणीवरून झोंप हेंच कारण असें सिद्ध होत नाहीं, हें सुज्ञांनीं ध्यानांत ठेवावें.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. डोळ्यांखालील प्रत्येक काळें वर्तुळ झोंपेच्या अभावाचें नसतें. आपल्याकडील पुष्कळ घराण्यांत तें आनुवंशिकच असतें. कोणाच्या डोळ्यांखालीं खळगा असल्यामुळें सावली पडते, तर कोणाला डोळे चोळण्याची संवय असते. अशा माणसानें दहा तास झोंप घेतली तरी वर्तुळ जाणार नाहीं, आणि त्याला "रात्रीं जागतोस वाटतें!" असें हिणविणें अन्यायाचें होय.

मग रात्रींच्या मुखलेपनाचा उपयोग नाहीं काय? आहे, पण तो बेताचा. रात्रीं त्वचेंतून पाणी अधिक उडून जातें. म्हणून सौम्य साबणानें तोंड धुऊन, त्वचा मऊ राखणारें साधें मलम लावणें योग्य ठरतें. त्याला पांच मिनिटें पुरतात. जागरण झालें असतां त्वचा आधींच हळवी होते. अशा वेळीं खरखरीत चूर्णानें घांसणें, नवें औषध आजमावणें किंवा रेटिनॉलसारखीं तीव्र द्रव्यें दुप्पट लावणें टाळावें. त्यांनीं आग व लाली वाढते. सकाळीं पापण्या सुजल्या असतील तर थंड पाण्याची घडी ठेवावी. दिवसा उन्हांत जातांना सनस्क्रीन विसरूं नये. या सर्वांनीं त्वचेला मदत होते, परंतु झोंपेची जागा यांतील एकहि वस्तु घेऊं शकत नाहीं. प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोंप हवी. वेळ मिळूनहि झोंप येत नसेल, अथवा घोरतां घोरतां श्वास अडकून जाग येत असेल, तर प्रसाधनाच्या दुकानाऐवजीं वैद्याकडे जावें.

परंतु पुष्कळ घरांत झोंप येत नाहीं अशी अडचण नसते. झोंपेला वेळच उरत नाहीं. रात्रींचीं भांडीं, दुधाचें पातेलें, उद्यांच्या भाजीची निवडानिवड आणि मुलाचा राहिलेला अभ्यास, हीं कामें एकाच व्यक्तीच्या वांट्याला येतात, आणि तीच सकाळीं सर्वांच्या आधीं उठते. तोंपर्यंत बाकीचीं माणसें हातांतील मोबाईल पाहत बसलेलीं असतात. मलमाची डबी ती स्वतःच्या पैशानें आणूं शकते. झोंपेचा तास मात्र तिला एकटीला मिळवितां येत नाहीं. तो घरांतल्या इतरांनीं तिच्या कामांतला वांटा उचलून मोकळा करून द्यावा लागतो.

वाढदिवसाला सौंदर्यप्रसाधनांची पेटी भेट देणाऱ्या पतीनें व मुलांनीं एक प्रयोग करून पाहावा. पंधरा दिवस रात्रींचीं भांडीं व सकाळचे डबे त्यांनीं आपसांत वांटून घ्यावे, आणि दहा वाजतां तिच्या खोलींतील दिवा मालवला जाईल अशी व्यवस्था करावी. चेहऱ्यावर फरक कितपत दिसेल, हें प्रत्येकीच्या प्रकृतीवर अवलंबून राहील. पण सकाळीं आरशासमोरून जातांना तिला विसावा मिळालेला असेल, आणि घराला तेवढें पुरेसें वाटावें.